परीक्षा अजून घाटापलीकडेच : ऑनलाइन विद्यापीठांच्या कुलगुरूंना खुलं पत्र

ऑनलाइन पदव्या देणाऱ्या सर्व विद्यापीठांच्या माननीय कुलगुरूंना,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरीत, मिरकरवाडा बंदराजवळच्या एका बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते. या कामाला पंधरा वर्षं झाली. बोट समुद्रात निघाली की आमच्याकडून बर्फ भरून जाते, पण पैसे हातोहात मिळत नाहीत. प्रत्येक बोटीचं खातं असतं आणि ते हंगामभर चालतं. पश्चिम किनाऱ्यावर 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्यामुळे मेच्या शेवटी बोटी वर ओढतात, शाकारतात, खलाशी आपापल्या गावी निघतात, आणि त्याआधी सगळी खाती मिटवायची असतात. कुठल्या तांडेलानं, म्हणजे बोटीच्या प्रमुखानं, बर्फाच्या किती लाद्या नेल्या, मालकानं मध्ये किती दिले, किती राहिले, यावरून रोज वाद होतात. त्या दिवसांत मी रात्री दहाच्या आत घरी पोचत नाही.

परीक्षेचं वेळापत्रक माझ्या मोबाइलवर येतं ते याच दिवसांत. पेपर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात.

गेली दोन वर्षं मी तुमच्यापैकी एका विद्यापीठाचं एम.कॉम. ऑनलाइन करते आहे. नाव लिहीत नाही, कारण तक्रार एका विद्यापीठाची नाही. आमच्या ओळखीत असे आम्ही चौघं आहोत: एक एसटीत कंडक्टर, एक आरोग्य उपकेंद्रातली नर्स, एक पतसंस्थेचा पिग्मी एजंट आणि मी. चौघांची विद्यापीठं वेगळी आहेत आणि अडचण एकच. म्हणून हे पत्र सगळ्यांना.

आधी हे सांगते की तुमच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. बारावी झाली आणि माझं लग्न झालं. पुढं शिकायचं राहून गेलं. अठ्ठाविसाव्या वर्षी मी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठातून बी.कॉम.ला नाव घातलं. पुस्तकांचा गठ्ठा हातात आला तो दिवस मला अजून आठवतो. ती पुस्तकं समोर शिक्षक नाही हे धरूनच लिहिलेली होती. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला हे वाचल्यावर तुम्हाला काय येईल ते, मध्ये मध्ये स्वतःला तपासायला प्रश्न, शेवटी त्यांची उत्तरं. रविवारी अभ्यासकेंद्रावर तास असायचे. माझ्या बाकावर एक अंगणवाडी सेविका बसायची, मागं दोन पोलीस. या विद्यापीठाचं बोधवाक्य ‘ज्ञानगंगा घरोघरी’ असं आहे. माझ्या घरी ती खरोखर आली. पदवी मिळाल्यावर कारखान्यात माझा पगार वाढला, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मालक माझ्यासमोर जमाखर्चाची वही ठेवून मत विचारू लागले.

त्यानंतर मला एक प्रश्न पडला. कामावर जाणाऱ्या माणसासाठी विद्यापीठ काढावं, हे पहिल्यांदा सुचलं तरी कुणाला? शोधत गेले तसं वाचत गेले. त्यातलं थोडं इथं लिहिते. तुम्हाला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण माझं मागणं त्या इतिहासातूनच आलेलं आहे.

1858 साली लंडन विद्यापीठाची सनद बदलली आणि ठरलेल्या महाविद्यालयात हजर न राहताही पदवीची परीक्षा देता येऊ लागली. कुठंही शिका, कसंही शिका, परीक्षेत उतरा. 1865 पर्यंत त्यांच्या परीक्षा ब्रिटनबाहेर, मॉरिशससारख्या बेटावरसुद्धा होऊ लागल्या. विमान नव्हतं, फोन नव्हता, तरी प्रश्नपत्रिका समुद्र ओलांडून विद्यार्थ्याच्या गावाकडे गेली.

नेमक्या त्याच वर्षी, 1858 च्या एप्रिलमध्ये, आमच्या जिल्ह्यात शेरवली इथं धोंडो केशव कर्वे जन्मले. वाढले दापोली तालुक्यातल्या मुरुडला. 1875 साली त्यांना सहावीची सरकारी परीक्षा द्यायची होती आणि ती साताऱ्याला होती. भर पावसात, चिखल तुडवत, घाट चढून हा सतरा वर्षांचा मुलगा सोबत्यांबरोबर चालत साताऱ्याला गेला. तिथं परीक्षा घेणाऱ्यांना तो लहान दिसला, सतरा वर्षांचा वाटेना. त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. मुलगा परत फिरला. पुढं याच माणसानं 1916 मध्ये मातृभाषेतून शिकवणारं महिला विद्यापीठ उभं केलं.

लहानपणी शाळेत ही गोष्ट चिकाटीचा धडा म्हणून सांगायचे. आता वाचताना माझं लक्ष दुसरीकडेच जातं. अभ्यास तर त्यानं मुरुडात बसूनच केला होता. अडलं ते परीक्षेच्या ठिकाणी आणि तपासणाऱ्याच्या नजरेत.

नोकरी करून शिकणं आपल्याकडे नवीन नाही. जोतिबा आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. आमच्या कोकणातून मुंबईच्या गिरण्यांत गेलेल्या किती चाकरमान्यांनी पाळी संपवून रात्रशाळेत पाटी धरली. रायगडातल्या गोरेगावचे ना. म. जोशी यांनी 1911 मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली, तिनंही कामगारांसाठी रात्रीच्या शाळा आणि वाचनालयं चालवली. या सगळ्यांना एक गोष्ट कळलेली होती: कामगाराकडे बुद्धी आहे, इच्छा आहे, फक्त दिवसाचे तास त्याच्या मालकीचे नाहीत. म्हणून शाळेनं आपली वेळ बदलायची.

ब्रिटनमध्ये हॅरॉल्ड विल्सन यांनी 1963 मध्ये ग्लासगोच्या भाषणात रेडिओ-टीव्हीवरच्या विद्यापीठाची कल्पना मांडली. ते पंतप्रधान झाल्यावर जेनी ली या मंत्रीबाईंनी ती तडीस नेली. स्वतः खाणकामगाराची मुलगी. कामगारांसाठी आहे म्हणून जरा हलकं विद्यापीठ चालेल, हे त्यांनी कधी मान्य केलं नाही. दर्जा इतर विद्यापीठांइतकाच हवा, यावर त्या अडून बसल्या. 1969 मध्ये ओपन युनिव्हर्सिटीला सनद मिळाली आणि 1971 च्या जानेवारीत शिकवणं सुरू झालं. बीबीसीवर तिचे धडे पहाटे आणि रात्री उशिरा लागत, म्हणजे माणूस घरी असेल तेव्हा. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना प्रयोगाचं साहित्य घरपोच जाई, तेही स्वयंपाकघरातल्या टेबलावर मांडता येईल असं. सोबत गावोगावी केंद्रं होती, तिथं शिक्षक प्रत्यक्ष भेटत. नुसत्या टीव्हीवर त्यांनी विद्यार्थ्याला सोडून दिलं नाही.

आपल्याकडे 1962 मध्ये दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण सुरू केलं, 1971 मध्ये मुंबई विद्यापीठानं. 1982 मध्ये हैदराबादला देशातलं पहिलं मुक्त विद्यापीठ निघालं, 1985 मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि 1989 मध्ये आपलं नाशिकचं. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा शिक्षणक्रम काढणं, हे मला त्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. दहावीतून शाळा सुटलेल्या माणसाला पदवीच्या दाराशी उभं राहता आलं.

आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. 1997 मध्ये अमेरिकेतल्या पश्चिमेकडच्या 19 राज्यांच्या गव्हर्नरांनी मिळून वेस्टर्न गव्हर्नर्स युनिव्हर्सिटी काढली. तिकडे गावं विरळ, अंतरं मोठी, नोकरी सोडून शिकायला जाणं अशक्य. या विद्यापीठानं पहिल्यापासून शिकवलं ते ऑनलाइनच, आणि एक मोठा बदल केला. वर्गात किती तास बसलात हे तिथं मोजत नाहीत. विषय येतो हे सिद्ध केलंत की पुढं जायचं. दहा वर्षं हिशेब लिहिणाऱ्या बाईला जमाखर्चाचा पेपर आठवड्यात देता येतो, आणि तिला अर्थशास्त्र अवघड वाटलं तर त्याला ती चार महिने देते. शुल्क विषयामागे नाही, सहा महिन्यांच्या सत्रामागे. प्रवेशही वर्षातून एकदा नाही, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला सुरुवात करता येते. हे वाचलं तेव्हा पहिला विचार आला तो आमच्या बंदराचा. आमच्या कामालाही असेच भरतीचे महिने असतात आणि ओहोटीचे.

आपल्याकडे 2018 च्या नियमांनी विद्यापीठांना पूर्ण पदवी ऑनलाइन द्यायला परवानगी मिळाली. 2020 मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइनचे एकत्र नियम आले. 2021 पासून श्रेयांकांची, म्हणजे क्रेडिटची, बँक आहे, मिळवलेले श्रेयांक त्यात जमा राहतात. मान्यताप्राप्त ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हेही विद्यापीठ अनुदान आयोगानं 2022 मध्ये स्पष्ट केलं. कागदावर दार पूर्ण उघडं आहे. मी त्या दारातून आत आले ती मोठ्या उमेदीनं.

आता गेल्या जूनमधला पेपर सांगते.

परीक्षा घरून, कॅमेऱ्यासमोर. लॅपटॉप भाच्याचा मागून आणलेला. वेळ दुपारी साडेतीन ते साडेपाच. आमचं घर पाखाडीवर, म्हणजे पायऱ्यांच्या चढणीच्या वाटेवर आहे: पुढं पडवी, मग माजघर, मागं स्वयंपाकघर आणि मोरी. पडवीत पावसाचा आवाज, म्हणून मी माजघरात बसले. आधी आधारकार्ड कॅमेऱ्यासमोर धरलं, मग लॅपटॉप हातात घेऊन चारी भिंती दाखवल्या. पेपर सुरू झाला. वीसेक मिनिटांनी सासूबाई उठल्या. त्या ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. मोरीकडे जायचा रस्ता माजघरातूनच आहे. भिंतीला धरून त्या माझ्या मागून गेल्या आणि पडद्यावर लाल पट्टी आली: दुसरी व्यक्ती आढळली, पहिली ताकीद. परत येताना दुसरी. तिसऱ्या ताकिदीला पेपर बंद होतो. सासूबाईंना ते समजलं नाही, पण माझ्या चेहऱ्यावरून काहीतरी कळलं. त्या कोपऱ्यात जमिनीवर बसून राहिल्या आणि पुढचा तासभर हलल्या नाहीत.

पावणेपाचला ढग गडगडले आणि लाईट गेली. लॅपटॉपची बॅटरी जुनी, तरी चालू राहिली. नेट मोबाइलवरून घेतलं होतं. दहा मिनिटांनी रेंजही गेली. टॉवरवरही वीज लागतेच. मी मोबाइल घेऊन पडवीत, मग अंगणात, मग डोक्यावर घोंगतं घेऊन पाखाडीच्या वरच्या टोकाला गेले, तिथं कधीकधी दोन काड्या येतात. रेंज परत आली तेव्हा सव्वापाच वाजले होते. लॅपटॉप उघडला तर लिहिलं होतं: आपली परीक्षा सादर झाली आहे. पन्नास प्रश्नांतले एकतीस झाले होते. उरलेल्यांतले बारा तरी मला नक्की येत होते, कारण ते ताळेबंदाचे होते.

त्याच संध्याकाळी मेल पाठवला. वीज गेल्याचा महावितरणचा मेसेजही जोडला. उत्तर म्हणून एक क्रमांक आला. चार दिवसांनी त्याच क्रमांकावर तक्रार निकाली काढल्याचं आलं. कशी निकाली काढली ते लिहिलेलं नव्हतं. फोन केला तर यंत्र बोलतं. निकालात मी अनुत्तीर्ण आहे. पुन्हा परीक्षेचं शुल्क भरलं आहे.

दुसरा पर्याय होता, तोही सांगते. घरून नको असेल तर केंद्रावर या. केंद्र घाटापलीकडे. रत्नागिरीहून कोल्हापूर साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर, आणि पावसाळ्यात आंबा घाटात दरड आली की रस्ता कधी सुटेल ते सांगता येत नाही. आमच्यातल्या कंडक्टरबाईंनी तो पर्याय घेतला. दोन पेपरांना चार दिवसांची रजा गेली. बी.कॉम.चा माझा प्रत्येक पेपर रत्नागिरीतच झाला होता. पुस्तक पोस्टानं येई तेव्हा परीक्षा गावात होती, आणि आता व्याख्यान माझ्या उशाशी आलंय तर परीक्षा घाटावर गेली आहे. ही गोष्ट मला समजत नाही, आणि फार दुःख होतं.

कोकणातला जून काय असतो हे शेजारच्या जिल्ह्यांना सांगावं लागत नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूनं आत आलं, त्यानंतर दापोली-मंडणगडची कित्येक गावं अनेक दिवस अंधारात होती. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते. त्याच जुलैत, 22 तारखेला, चिपळूण पाण्याखाली. ही मोठी संकटं झाली. पण साधा पाऊस लागला, एखादी फांदी तारेवर पडली, तरी वायरमन येईपर्यंत वाडीनं वाट बघायची असते. त्या दिवसांत दोन तास अखंड वीज आणि अखंड रेंज यावर कुणाची पदवी टांगून ठेवू नये.

कॉपीची काळजी तुम्हाला आहे, ती मला पटते. परीक्षा ढिली झाली तर आमच्याच पदवीची किंमत जाईल. मुक्तची डिग्री म्हटल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर काय उमटतं ते मी अनुभवलेलं आहे. जेनी ली दर्जासाठी का अडून बसल्या ते म्हणूनच मला कळतं. एक गुणही सवलतीत नको. कडक परीक्षा घ्या, पण ती माझ्या विषयाची घ्या. माझ्या घराला किती खोल्या आहेत आणि टॉवरची बॅटरी किती वेळ चालते, याची नको.

आमच्या जिल्ह्यात तालुक्याच्या गावी महाविद्यालयं आहेत, आयटीआय आहेत, त्यांत संगणकाच्या खोल्या आहेत, इन्व्हर्टर किंवा जनरेटर आहेत. रविवारी त्या बंद असतात. तुम्ही सगळ्यांनी मिळून प्रत्येक तालुक्यात अशी एक खोली भाड्यानं घेतली, एक पर्यवेक्षक बसवला, तर चारही विद्यापीठांचे विद्यार्थी एकाच खोलीत पेपर देऊ शकतील. कॅमेऱ्यापेक्षा समोर बसलेला माणूस कॉपी जास्त चांगली पकडतो, आणि म्हातारी माणूस मोरीकडे गेली तर तिला ताकीद देत नाही. ज्यांना घरून द्यायची त्यांनी जरूर द्यावी. पण जोडणी तुटली तर पेपर तिथंच थांबावा, आणि उरलेल्या वेळाचे वेगळे प्रश्न दुसऱ्या दिवशी मिळावेत. प्रश्नांचा साठा तुमच्याकडे आहेच, प्रत्येकाला वेगळा पेपर तुम्ही आजही देता.

आणि तारखा. माझं खरं मागणं इथं आहे. प्रवेश वर्षातून दोनदा होतात, म्हणून परीक्षाही जून आणि डिसेंबर अशा ठरून गेल्या आहेत. पण आमचं वर्ष तसं चालत नाही. मार्चपासून मेपर्यंत आंब्याच्या बागेत काम करणाऱ्याला मान वर करायला सवड नसते. मेअखेर आमचा हिशेब. जून-जुलै बंदीचा काळ, बंदरावर शांतता, कारखाना दुरुस्तीला काढलेला. माझा खरा अभ्यास होतो तो याच दोन महिन्यांत, आणि तुमच्या दृष्टीनं तेव्हा परीक्षा संपलेली असते. ऑगस्टमध्ये बोटी पुन्हा निघतात, मग गणपती, तेव्हा कोकणात कुणी कुणाला मोकळं नसतं. मला जुलैच्या शेवटी पेपर देता आला असता तर मी तो डोळे मिटून दिला असता. वर्षातून चार वेळा परीक्षेची खिडकी उघडा आणि ज्याला जी सोयीची ती त्याला निवडू द्या. अमेरिकेतलं विद्यापीठ विद्यार्थ्याच्या तयारीप्रमाणे परीक्षा घेतं, तर आपल्याला वर्षातून चार वेळा तरी जमावं.

भाषेबद्दलही लिहायचं आहे. माझी व्याख्यानं इंग्रजीत आहेत, पुस्तकं इंग्रजीत आहेत. मी सांभाळून घेते, कारण हिशेबाचे शब्द कामामुळे ओळखीचे आहेत. पण नर्सबाई रात्रपाळीत एका परिच्छेदाला अर्धा तास लावतात, आणि तो अर्धा तास विषयाला लागत नाही, भाषेला लागतो. कर्व्यांनी 1916 मध्ये मातृभाषेतून पदवीचं शिक्षण दिलं. नाशिकनं मला मराठीतून वाणिज्य शिकवलं आणि माझं काहीही अडलं नाही. मराठी पुस्तक आणि मराठी प्रश्नपत्रिका, इतकं तरी व्हावं. व्याख्यानांचा नुसता आवाज वेगळा उतरवून घेता आला तर आणखी बरं. व्हिडिओला रेंज पुरत नाही, आवाज पुरतो. पिग्मी एजंट भाऊ दुकानं फिरताना कानात घालून ऐकतील.

तक्रारीच्या जागी एक माणूस ठेवा, एवढं शेवटचं. क्रमांक नको. माझं ऐकून नाही म्हणालात तरी चालेल, पण का नाही ते सांगणारा कुणीतरी हवा.

माझा राहिलेला पेपर डिसेंबरमध्ये आहे. तारीख निदान महिनाभर आधी कळवा, ही विनंती. डिसेंबरात बोटी जोरात असतात, पहाटे चारला बर्फ भरायला रांग लागते. आमचे मालक चांगले आहेत, परीक्षेला सुट्टी देतात. फक्त माझ्या जागी वही लिहायला कुणाला बसवायचं ते त्यांना आधी ठरवावं लागतं.

आपली नम्र,
एम.कॉम. दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी
मिरकरवाडा, रत्नागिरी